मेणातले दात

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात बाई पाचव्यांदा माझ्या दुकानात आल्या, तेव्हा माझं डोकं आधीच भणभणत होतं.

"टोचतंय," त्या म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली. "आणि शिट्टी वाजते."

मी कवळ्या बनवतो. तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरतोय. आजवर कुणी पाच वेळा परत आलेलं नाही. ही कवळी तर मी फुकट करून दिली होती, आणि तीच माझ्या मानगुटीवर बसली होती.

त्याला आमच्या चर्चचे पाळक कारणीभूत होते. आगमनाच्या पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, नाताळ येईपर्यंत प्रत्येकानं आपल्या हातच्या कामातून कुणाला तरी काही द्यावं. चर्चच्या दाराशी कागद लावला. न्हाव्यानं लिहिलं, चार म्हाताऱ्यांचे केस. माझ्या बायकोनं लिहिलं, पडदे शिवून देईन. मला चेव चढला. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: एक कवळी, वरची आणि खालची. लोक वळून बघायला लागले. दोघांनी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

पाळकांनी माझ्या वाट्याला बाई दिल्या. बाई म्हणजे शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाई. नाताळच्या सकाळी येशूच्या जन्माचा शास्त्रपाठ वीस वर्षं त्यांनीच वाचला. शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जायचा. मग दात गेले, आणि दोन वर्षं बाई मागच्या खांबाआड बसायला लागल्या. यंदा पाळकांनी जाहीर करून टाकलं की पाठ बाई वाचणार. म्हणजे सगळं माझ्या कवळीवर येऊन ठेपलं.

"बसा," मी म्हणालो. हिरडी बघितली. डावीकडे लाल झालं होतं. कवळी तिथं घासली, गुळगुळीत केली, परत बसवली. "म्हणा काहीतरी."

"सतरा एके सतरा," बाई म्हणाल्या. प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजली. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..." त्या थांबल्या. "असं कसं वाचू रे मी?"

"सवय लागते बाई. जीभ शिकते हळूहळू."

"नाताळला नऊ दिवस राहिलेत."

"मग नऊ दिवस पाढे म्हणा!" मी खेकसलो. "फुकट काम म्हणजे जन्माचा करार आहे का? बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली आहेत माझी."

बाईंनी रुमालाची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. आतून बायको बाहेर आली.

"केवढ्यानं ओरडलास! म्हातारी बाई आहे ती."

"तुझ्या पडद्यांसारखं नाहीये हे. पडदा लावला की विषय संपतो."

"पडद्याचं माप मी दोनदा घेतलं," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं सहज म्हटलं, पण मला ते नेमकं लागलं.

कारण मला माहीत होतं शिट्टी का वाजते. माप घेतल्यावर, साचा झाल्यावर, दात आधी मेणात बसवायचे असतात. ते तोंडात लावून माणसाला बोलायला लावायचं, ओठ बघायचे, दात अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे सरकवायचे, आणि मगच कवळी पक्की करायची. एकदा पक्की झाली की कितीही घासा, दात जागचे हलत नाहीत. या कामात एखादी सकाळ जाते, कधी दोन. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी हे न चुकता करतो. बाईंच्या वेळी दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, फुकटात मिळतंय, चालून जाईल. मेणाची पायरीच गाळली आणि कवळी सरळ पक्की केली.

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. बाई इस्त्रीची साडी नेसून पुढे गेल्या. पहिल्याच ओळीला शिट्टी वाजली. दुसऱ्या ओळीत तीनदा. पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली, एकीनं तोंड दाबून धरलं. मी मान खाली घातली. पाठातल्या मेंढपाळांपर्यंत पोचायच्या आधीच बाई थांबल्या. पाठ फिरवून त्यांनी कवळी काढली, रुमालात ठेवली आणि उरलेला पाठ बोळक्या तोंडानं वाचला. अर्धे शब्द विरून गेले. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, "कवळी उत्तम आहे हं. माझीच जीभ म्हातारी झाली."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाताळ संपला. पाळकांनी दारावरचा कागद काढला. माझ्या नावापुढे बरोबरची खूण होती. बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. सुटलो, असं वाटायला हवं होतं, पण मी दिवसभर वसावसा करत होतो. दोन गिऱ्हाइकांशी भांडलो. तिसऱ्याचं माप दोनदा चुकलं. बायको म्हणाली, "एकदा जाऊन ये, नाहीतर घरात राहणं मुश्कील करशील."

गेलो. बाई खिडकीशी बसून भात कुस्करत होत्या. कवळी पाण्याच्या ग्लासात होती.

"कवळीत काही वाईट नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"वाईट आहे," मी म्हणालो. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. मेणाचं, गर्दीचं, फुकटाचं, सगळं. बोलताना स्वतःचाच असा संताप आला की आवाज पुन्हा चढला. त्यांच्यावर नव्हे, पण ऐकणाऱ्याला काय कळणार!

बाईंनी भाताचा घास खाली ठेवला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला तू मेणाचे दात लावून पाहिले होतेस. दोन सकाळी बसवलंस तिला. मला नाही बसवलंस."

"मग बोलला का नाहीत? पाच वेळा आलात की!"

"टोचतंय म्हणून आले. टोचतंय एवढं सांगता येतं." त्या ग्लासाकडे बघत राहिल्या. "तिच्यासारखं मलाही कर, असं फुकट घेणाऱ्यानं कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

शाळेत मी गणिताचं उत्तर झटकन लिहायचो आणि बाई मधल्या पायऱ्यांचे गुण कापायच्या. "एक्स्प्रेस," त्या म्हणायच्या, "मधली स्टेशनं कुठे गेली?" आज त्यांनी तेवढंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी या," मी म्हणालो. "पहिल्यापासून करू. पुन्हा माप घेऊ."

"नाताळ झाला की रे आता. वाचायचंय कुठं?"

"पुढच्या वर्षी वाचायचंय. आणि भात कुस्करून किती दिवस खाणार?"

त्या आल्या. दोन आठवड्यांनी मेणातले दात तयार झाले. दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइकं तिष्ठत होती, फोन वाजत होता, आणि मी बाईंसमोर स्टूल ओढून बसलो. दात हळूच तोंडात ठेवले.

"म्हणा."

"सतरा एके सतरा." शिट्टी बारीक झाली होती, पण होती. मी दात काढले, मेण गरम केलं, पुढचे दोन किंचित मागे घेतले. "सतरा एके सतरा." आता नव्हती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि उठायला लागलो.

"बरे आहेत," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "छान आहेत. लोक थांबलेत तुझे."

मी परत स्टुलावर बसलो.

"बाई, खोट काढा."

"अरे, नाही काही."

"काढा म्हणतो ना!" आवाज चढलाच माझा. "शाळेत माझ्या एका ओळीत चार चुका काढायचात. आता काढा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जीभ दातांवरून सावकाश फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"खालचा डावीकडचा उंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि वरचे फार पांढरे. ते दिसताहेत माझ्या सुनेचे."

मी चरफडत दिवा पेटवला आणि मेण तापवायला घेतलं.

"अजून काय?"

"सांगते ना," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या.