मोहियोद्दीनभाईंची बिनहाताची खुर्ची

मित्रांनो, बसून राहिलेला एक वृद्ध गृहस्थ पुन्हा कसा उभा राहिला, तो वृत्तांत मी आज आपणांपुढे यथाक्रम निवेदन करणार आहे. तरी शांतचित्ताने वाचावे.

मी एक जुनी बाभळीची खुर्ची आहे. पाचोडच्या कडुबा सुतारांनी मला घडवले. लाकूड अपुरे पडल्याने मला हात बसवायचे राहून गेले. तरीही मोहियोद्दीनभाईंनी मला आपल्या गाद्यांच्या दुकानात मानाने ठेवले. तीस वर्षे गिऱ्हाईक माझ्यावर बसले. भाई मात्र उभ्याने कापूस पिंजत आणि भरलेली गादी खांद्यावरून घरपोच नेत. त्यांच्या पायांचे मला फार कौतुक वाटे.

पुढे दुकान मुलगा मोईन पाहू लागला. सून नजमा अत्यंत प्रेमळ. "अब्बा, उठू नका, मी आणते," असे म्हणत ती पाण्याचा पेलाही जागेवर देई. जेवण चहा-टोस्ट आणि पातळ खिचडीवर आले. मांड्या वाळत गेल्या. एका शुक्रवारी मशिदीत सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवल्यावर, भाईंना उठताच आले नाही. नमाज संपल्यावर दोघांनी धरून उचलले. तेव्हापासून दोन उशा घालून, बैठक उंच करून ते माझ्यावरच नमाज पढू लागले. मला मान मिळाला, परंतु त्यांची नजर सदैव जमिनीकडे असे.

"ईदला खाली टेकायचंय मला. सगळ्यांसोबत," ते म्हणत.

मोईनने त्यांना संभाजीनगरला नेऊन तपासण्या करवल्या. तदनंतर व्यायाम शिकवणाऱ्या रूपाताई घरी आल्या. "बाबा, वयानं स्नायू झिजतात, पण बसून राहिल्यानं लई लवकर झिजतात. खुर्चीला हात नाहीत, हे बेस झालं. छातीवर हात बांधा अन् उठा."

रोज उठबस सुरू झाली. पंधरा दिवसांनी एक उशी निघाली, महिन्याने दुसरी. नजमाने सकाळी अंडी, दुपारी घट्ट डाळ, रात्री दही असा डॉक्टरांना विचारून बेत ठरवला. आणि पाणी आणून देणे बंद केले. हे तिला सर्वांत जड गेले.

कडुबा ओट्यावरून चिडवत, "भाई, खुर्चीसाठी एवढी उठबस? मंत्री व्हायचंय व्हय?"

"व्हय. तुला नाय घेणार मंत्रिमंडळात!"

ईद उजाडली. खबरदारी म्हणून मला मशिदीत रांगेच्या मागे ठेवण्यात आले. भाई सजद्यात गेले. मग सारी रांग उभी राहिली, भाई खालीच. नमाजात कोण कोणाला उचलणार? माझे चारही पाय जणू थिजले. इतक्यात त्यांनी गुडघ्यांवर हात रोवले आणि हळूहळू ते रांगेइतके उंच झाले. मित्रांनो, रिकामे राहण्यात एवढे सुख असते हे मला त्या दिवशी कळले.

नमाजानंतर मला बाहेर आणले, तेव्हा कडुबा डोळे पुसत उभे होते. "भाई, खुर्ची उगाच आणली की!"

"उगाच कशी? बस तिच्यावर. हात बांध. आता ऊठ."

कडुबा तिसऱ्या खेपेस उठले.

मित्रांनो, वडीलधाऱ्यांना आदराने खुर्ची द्या, मात्र त्यांना तिच्यावर बसवून ठेवू नका.

खुर्चीचे हे मनोगत लिहून काढणारा, आणि हल्ली रोज सकाळी दहा वेळा उठबस करणारा, मी कडुबा सुतार, पाचोड. आपण वेळ काढून वाचलेत, मी आपला ऋणी आहे.