स्वयंपाकघरातलं स्टूल

फुटबॉलच्या विश्वचषकाला बारा दिवस उरले होते. आपला संघ चोवीस वर्षांनी तिथे खेळणार होता, त्यामुळे त्या दिवशीचा सामना नुसता सरावाचा असूनही आमच्या पुढच्या खोलीत मंडळी जमली होती. माझा मुलगा, नऊ वर्षांची नात, बस चालवणारा माझा मेहुणा, आणि शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणतात. माझी बायको नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या स्टुलावर.

आपण दोन गोल मारले. दुसऱ्या गोलला मेहुण्याने टेबलावर अशी थाप मारली की घड्याळजींचा चष्मा खाली पडला. सामना संपल्यावर मी पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा तिने विचारलं, "शून्य-शून्यच ना?"

मी पेला ठेवला आणि दोन बोटं वर केली.

तिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. अनोळखी आवाज एकमेकांना जोडून देणं हे तिचं काम. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस घाईत आहे की नुकताच रडलाय, हे तिला कळायचं. स्वयंपाकघरात बसून ती सामनाही तसाच ऐकायची. माझी खुर्ची करकरली की कॉर्नर, मेहुणा एकदम गप्प झाला की पेनल्टी. आमचा आरडाओरडा पुरता उठायच्या आत ती तिकडून विचारायची, "कुणी मारला?" गेल्या वर्षभरात तिचा डावा कान गेला आणि उजवाही उताराला लागला, हे आम्हाला माहीत होतं. त्याबरोबर तिचा सामनाही गेला, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

ती त्या स्टुलावर का बसायची, ते सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वीच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत आपण एका गोलने पुढे होतो. ती कामावरून आली, चपला काढल्या आणि माझ्या खुर्चीच्या हातावर टेकली. पुढच्या नऊ मिनिटांत आपल्यावर दोन गोल झाले. मी म्हणालो, "तू आलीस आणि घात झाला." ती हसली. मेहुणा हसला आणि म्हणाला, ताई पनवती आहे. ती उठून स्वयंपाकघरात गेली. सामना आपण तरीही हरलो, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. पुढे पात्रता फेरीच्या प्रत्येक सामन्याला ती आपणहून तिकडे जाऊ लागली. मेहुण्याने त्यावर एक ओळ जुळवली: ताई इकडे, तर कप तिकडे. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट घराचा कायदा होऊन बसली. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो. संभाव्यतेचा धडा दरवर्षी नाणं उडवून शिकवायचो, आणि घरी येऊन तो कायदा पाळायचो.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, या वेळी पुढच्या खोलीत बस. ती भाजी चिरत होती. मान वर न करता तिने सांगितलं की इतक्या वर्षांनी योग आलाय, उगाच विषाची परीक्षा कशाला. मी समजावत राहिलो. नात तिथेच अभ्यासाला बसली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"आजोबा, आजी खोलीत आलीये हे तिकडच्या चेंडूला कसं कळतं?"

मुलांच्या अशा प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं. मी तिला एक नाणं दिलं. छापा पडला तर आपण जिंकलो असं समजायचं. दहा वेळा आजी पुढच्या खोलीत, दहा वेळा स्वयंपाकघरात. बायको कुरकुरत उठली, पण नातीपुढे तिचं काही चालत नाही.

पुढच्या खोलीत छापा तीनदा पडला. स्वयंपाकघरात सात वेळा.

नातीने वहीतल्या खुणा पुन्हा मोजल्या आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "आजी खरंच पनवती आहे का?"

माझं तोंड उतरलं. पण वर्गातही कधीकधी असंच व्हायचं. दहा वेळा बघून नाण्याचा स्वभाव कळत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. मी म्हटलं, पन्नास-पन्नास होऊ दे. माझ्या गुडघ्यांना विचारलंत का, असं बायकोने विचारलं. मग उरलेले चाळीस ती स्वयंपाकघरात असतानाच सलग उडवले, आणि शेवटचे चाळीस ती माझ्या खुर्चीत टेकलेली असताना. स्वयंपाकघरात एकूण सव्वीस छापे झाले, पुढच्या खोलीत चोवीस.

"दोन कमीच आहेत," नात म्हणाली.

मी म्हणालो, पुन्हा पन्नास-पन्नास उडव, कदाचित उलटं येईल. तिला ते पटलं नाही. नाणं आणि वही घेऊन ती जिन्यात जाऊन बसली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी बायकोच्या उजव्या कानाच्या बाजूला बसलो आणि म्हणालो, बघितलंस, तुझा काही संबंध नाही.

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "नऊ मिनिटांत मी काय करणार होते? तुमचा चेहरा पाहिला आणि उठले. तुम्हाला कुणावर तरी ढकलायचं होतं."

"मग इतकी वर्षं का बसलीस तिकडे?"

ती खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होती.

"वाटलं होतं, पुढच्या सामन्याला हाक माराल. तेव्हा मला भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं. हाक आली असती तर चुकली नसती."

जिन्यातून नाणं पडल्याचा आवाज येत होता. तो तिला ऐकू येत होता की नाही, कोण जाणे.

ती म्हणाली, "आणि हरलो तर?"

"तर हरलो."

"ते मला नका सांगू. माझ्या भावाला सांगा."

रविवारी टीव्ही कुठे ठेवायचा, कुणी कुठे बसायचं, हे ठरवायला सगळे पुन्हा जमले. मेहुण्याने भिंत वितीने मोजली, खुर्च्या मांडल्या, आणि सवयीने ती ओळ म्हटली. मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि हाक मारली. पहिली हाक तिला ऐकू गेली नाही. दुसरी मोठ्याने मारली. ती हात पुसत आली आणि उंबऱ्यात थांबली.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी आपला बचाव ढिला होता आणि खापर मी हिच्यावर फोडलं. आता ही इथे बसेल. हरलो तर जे बोलायचं ते मला बोला.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, आणि पहिल्याच सामन्यात चार खाल्ले तर?"

"तर चार खाल्ले," घड्याळजी म्हणाले. "आपले बचावपटू बघता त्याला ताईंची गरज नाही."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. मग माझी खुर्ची उचलून त्याने टीव्हीसमोर ठेवली. ती बसली. त्याने विचारलं, ताई, इथून दिसेल का? ती बंद पडद्याकडेच बघत राहिली. तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. क्षणभराने त्याच्या लक्षात आलं. तो वळसा घालून उजवीकडे आला, वाकला आणि तेच पुन्हा विचारलं, हळू आवाजात.

"दिसेल," ती म्हणाली.

नातीने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, आजीच्या उजव्या कानापाशी ठेवलं आणि स्वतः त्यावर चढून बसली. गोल झाला की मी सांगणार, असं तिने जाहीर केलं.

"नुसता झाला म्हणू नकोस," आजी म्हणाली. "कुणी मारला, तेही सांगायचं."