शेवटची अकरा पानं

मित्रांनो, कशेळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत, दाराला लागून जे काळवंडलेलं कपाट उभं आहे, ते मी. आज माझ्या खणांत खडूचे खोके, झाडू आणि फाटका नकाशा ठेवतात. एके काळी मात्र मी गोष्टीच्या पुस्तकांनी भरलेलो होतो.

एकोणीसशे साठ साली कोंडीराम सुताराने शाळेच्या पडवीत बसून मला घडवलं. चौकट सागाची, पाठीला आंब्याच्या फळ्या आणि पुढे काचेची दारं. "पोरांना पुस्तकं दिसली पायजेत," असं म्हणत त्याने स्वतः काचा बसवल्या.

तेव्हा शाळेत हिरामण गुरुजी होते, लोधिवलीचे. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ते माझं दार उघडायचे, एक पुस्तक काढायचे आणि मोठ्याने वाचायचे. गोष्टीत चोर आला की त्यांचा आवाज कुजबुजता व्हायचा, म्हातारी आली की ते तोंडाचं बोळकं करायचे. पोरं पोट धरून हसायची. वाचून झाल्यावर गुरुजी कधीच प्रश्न विचारत नसत. पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "पुढचं उद्या."

चौथीत भागी नावाची मुलगी होती. तिची आई आदल्या वर्षी वारली होती. जोडाक्षर आलं की ही पाटी टाकून पेज नदीवर पळून जायची. एकदा गुरुजींनी नावाड्याच्या लेकीची गोष्ट वाचायला घेतली. पुरात होडी वाहून जाते, आईशी ताटातूट होते, ती पोर आणि तिचं मांजर गावोगाव भटकतात, आणि ती प्रत्येक घाटावर आईला हाका मारते. त्या हाका वाचल्या गेल्या आणि भागी हुंदके देऊन रडू लागली. गुरुजी थांबले. "रडू नको" असं ते म्हणाले नाहीत. तिचं रडू ओसरेपर्यंत नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भागी सगळ्यांच्या आधी आली. "गुरुजी, तिला आई गावली का वो?"

"मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही. हे घे, तूच वाच."

मग ती पोर माझ्या पायाशी बसून एकेक अक्षर जुळवू लागली. मांजराने पाटलाचं दही सांडलं ते पान तिने हसत हसत सात वेळा वाचलं. पावसाळा संपेतो जोडाक्षरं तिला अडेनाशी झाली. शेवटची अकरा पानं राहिली होती, तेवढ्यात हिरामण गुरुजींची बदली झाली.

नवे ठोंबरे गुरुजी आले. माणूस वाईट नव्हता हो, पण भारी भित्रा; एखादं पुस्तक हरवलं तर वरून जाब विचारतील, ही धास्ती. चार्ज घेताना त्यांनी यादीबरहुकूम सगळी पुस्तकं मोजून आत ठेवली. भागीच्या हातातलंही घेतलं आणि मला कुलूप लावलं.

"गुरुजी, माजं थोडंच ऱ्हायलंय."

"जेवढं वाचलंस त्याचं तात्पर्य लिहून आण. मग पुढचं."

भागीने पाटीवर लिहून आणलं, 'मला रडाया आलं. मंग हसाया आलं.'

"हे तात्पर्य नव्हे," म्हणत गुरुजींनी पाटी पुसली.

ती चार दिवस येत राहिली. काचेला नाक लावून उभी राहायची. तिचं पुस्तक दुसऱ्या खणात, तिच्या डोळ्यांसमोर होतं. मधे काच तेवढी, बोटाच्या निम्म्या जाडीचीही नाही. मित्रांनो, मला माझं दार उघडता येत नाही. मी नुसता उभा राहिलो. पाचव्या दिवशी ती आली नाही. मग इतर पोरांनीही विचारणं सोडलं.

काही पावसाळ्यांनी माझ्या पाठीच्या फळ्यांतून वाळवी शिरली. आत चाललेली ती बारीक करकर मला रात्रंदिवस ऐकू यायची. मी कुणाला सांगणार? तपासणीचे साहेब यायचे, काचेतून पुस्तकांच्या रांगा बघायचे आणि म्हणायचे, "वा, छान ठेवलीत!"

बारा वर्षांनी, गावच्या जत्रेला भागी माहेरी आली. सासर शेलूचं. लेकीला, हिरूला, शाळा दाखवायला घेऊन आली होती. ठोंबरे गुरुजींनी तिला ओळखलं.

"गुरुजी, तं पुस्तक हाय का वो अजून?"

"आहे तर! एकही हरवू दिलं नाही मी." त्यांनी अभिमानाने कुलूप काढलं. दुसऱ्या खणात हात घातला आणि अख्खी रांग मातीसारखी खाली ढासळली. त्यांच्या मुठीत नुसता पुठ्ठा राहिला.

गुरुजी तो पुठ्ठा उलटून पालटून बघू लागले. "मी एकही हरवू दिलं नव्हतं गं, भागे."

"व्हय गुरुजी," भागी हळूच म्हणाली. "पन कुनाला वाचू बी दिलं नाय."

हिरूने पदर ओढला. "आये, कसली गोष्ट व्हती?"

भागी पडवीत बसली आणि सांगू लागली. पूर, होडी, मांजर, सांडलेलं दही. जत्रेची पोरं हातातल्या पिपाण्या विसरून भोवती जमली. घाटावरच्या हाका आल्या तेव्हा पोरं एकमेकांना चिकटून बसली. मग शेवटच्या अकरा पानांपाशी ती थांबली.

"मंग? आई गावली का तिला?" हिरूने विचारलं.

भागीने गुरुजींकडे पाहिलं. सगळी पोरं तिकडेच पाहू लागली.  बारा वर्षं किल्ली ठोंबरे गुरुजींच्या कंबरेला होती, पण ते पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. आणि मला तरी काय ठाऊक? हिरामण गुरुजींनी आणि भागीने मोठ्याने वाचलं, तेवढंच मी ऐकलेलं.

पोरं वाट बघून बघून उठून गेली. हिरू मात्र आईला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतलं कपाट आजच उघडायला लावा. पुस्तकं फाटू देत, त्यांवर तेलाचे डाग पडू देत. आणि धाकट्या भावंडाने एखादं वाचून संपवलं, तर तात्पर्य विचारू नका. कुठे हसू आलं, कुठे रडू आलं, एवढंच विचारा आणि लगेच दुसरं त्याच्या हातात द्या.