साखळीखालची साल

मी एक जुनी चिंच आहे. साखरखेर्ड्याच्या शिवारात, कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उभी आहे. मित्रांनो, माझ्यावर जे गुदरलं ते मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही. तरी सांगते, तुम्हाला कळलं तर बरंच.

रोप असताना मी शेळीच्या तोंडातून वाचले आणि वाढत गेले. कशी वाढले, कोण जाणे! रोज पाहावं तर कालच्याएवढीच, आणि वर्ष सरलं की बुंधा जाड झालेला. बाया माझ्या चिंचा आमटीला नेत, नावाजत.

पुढे कारभारीने म्हैस आणली आणि तिची साखळी माझ्या बुंध्याला बांधली. म्हैस ओढ घेई, साखळी घासे. साल सोलून निघाली. मागच्या अंगाला तेवढी वीतभर पट्टी उरली. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाट जवळजवळ तुटली, मुळं उपाशी पडली आणि माझा शेंडा सुकू लागला.

"हे वाळून राह्यलं. तोडून टाकतो," कारभारी म्हणाला. त्याने म्हैस सोडली, कुऱ्हाड आणली. दुसराच घाव निसटून त्याच्या नडगीत शिरला. मी वाचले म्हणून हरखावं, की त्याचं रक्त पाहून रडावं, मला कळेना.

टाके पडले. दिवसभर तो माझ्याच सावलीत खाटेवर पडून राही. त्याची लेक पुष्पांजली लोणारच्या कॉलेजात शिकते. तीच त्याच्या जखमेची पट्टी बदलायची. आतून मांस कसं भरून येतं, असं त्याने एकदा तिला विचारलं.

"जखमेच्या काठावरच्या पेशी दुभागतात, बाबा. एकीच्या दोन, दोनाच्या चार. जखम भरली का थांबतात."

"त्याईले थांबा म्हनून कोन सांगते?"

पुष्पांजलीने वाचलं होतं तेवढं सांगितलं. शेजारच्या पेशींकडून खुणा मिळतात म्हणे, पण सगळं तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिने माझ्या जखमेच्या काठावर बोट टेकवलं. तिथे नव्या सालीचा मऊ ओठ उमटला होता.

"हिचंबी तेच चालू हाय. हे असंच वाढते, अन् असंच भरते."

मी चक्रावले. हे मीच करत होते? मग मला कसं ठाऊक नाही? आणि एकीच्या दोन झाल्यावर त्यातली आई कोणती, लेक कोणती? मी जुनी चिंच, की कालपरवाची?

कारभारीने म्हशीला वेगळा खुंटा ठोकून घेतला. पुढे तो लंगडत माझ्यापाशी आला. त्याच्या नडगीवर कोवळी गुलाबी कातडी धरली होती. त्याने माझी नवी साल चाचपली आणि हळूच म्हणाला, "तुलेबी आली काय वं कातडी?"

मित्रांनो, आम्हा जिवांना जखमा भरता येतात, पण त्यांना सवड लागते. रुतलेली साखळी तेवढी तुम्ही सोडवा. आतलं काम आत कोणीतरी करत असतं. कोण, ते मात्र मला विचारू नका.