गणपतराव दारापर्यंत सोडतात

कसबा बावड्यात गणपतरावांना पत्ता विचारला की ते बोटानं दाखवत नसत. चप्पल घालत, पावण्याला स्कूटरवर घेत आणि थेट दारात नेऊन सोडत. कोण, कुठला, कशाला आला, हे विचारणं त्यांना हलकटपणाचं वाटे.

त्यांच्याच माडीवर विद्याश्री भाड्यानं राहत होती. मारकुट्या नवऱ्याला सोडून निपाणीहून आलेली. कपडेसुद्धा आतच वाळत घालायची. पत्ता फक्त तिच्या भावाला ठाऊक. फोन साधा, बटणांचा. आणि त्याच फोनवर नवऱ्याचा निरोप आला : 'बावड्यात हाईस न्हवं? येतो.'

"ह्यात नकाशाबी न्हाय," गणपतराव फोन उलटासुलटा करत म्हणाले. "कळलं कसं?"

"नकाशा लागत न्हाय, अप्पा. रिंग वाजवायची तर माणूस कुठल्या टॉवरखाली हाय ते नेटवर्कला ठावं असावं लागतंय. दुसऱ्या फोन कंपनीच्या नावानं कुणी इचारलं की ते सांगून टाकतंय, आन् पैसे घेऊन असं इचारून देणारी माणसं हाईत. भाऊ मोबाइल कंपनीतच कामाला हाय, तो म्हणाला."

"इचारणारा कोण, ते न पुसता?"

"कैकदा न्हाय पुसत."

गणपतरावांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, त्यांच्याकडं बघितलं. "म्हंजे तुमच्यागतच की."

गणपतरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

"घर न्हाय कळत, अप्पा. नुसता भाग कळतोय," विद्याश्री म्हणाली. "पुढं इचारतच यावं लागतंय."

पोलिसांत तिनं अर्ज दिलेला होता. आला तर लगेच कळवा, म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून गणपतराव कोपऱ्यावरच्या टपरीपुढं खुर्ची टाकून बसले. डबाही तिथंच.

एका दुपारी तो आला. "मामा, निपाणीची विद्याश्री कुठं राहती?"

"पावणं, तुमी कोण तिचं?" जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असं विचारलं.

"नवरा."

"मग बसा की मागं! आमच्यात दारापातूर सोडायची रीत हाय."

परतले तेव्हा झुंबरबाई दारात उभ्या. "अवो, टपरीवाला म्हणतोय, कुणाला तरी स्कूटरवर घालून नेलासा?"

जिन्यात विद्याश्री थिजली.

"नेला की. पत्ता इचारत हुता, दारात सोडून आलो."

"कुणाच्या?"

"पोलीस ठाण्याच्या. ठेवून घेतलाय त्यांनी. मला चहा पाजला, त्याला न्हाय. पावण्याला असं बिनचहाचं बसवायचं म्हंजे... जिवाला लागलं बघ."

विद्याश्री पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. झुंबरबाई तिची पाठ चोळत राहिल्या.

सकाळी गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, पिवळी ओढणी वाळत होती. गणपतराव खाली उभे राहून ती बघत होते, तोवर कुणी बँकेचा पत्ता विचारला.

"कोण तुमी? कुठलं?" गणपतराव कडाडले. माणूस दचकला. मग त्यांनाच राहवलं नाही. "बरं, असू दे. बँकच हाय. बसा मागं."