ढब्बूचं पाणी

मी एक जुना वाडगा आहे. स्टीलचा, पसरट तोंडाचा, एका बाजूला पोचा आलेला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात कणीक मळायची असं ठरलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात मी ओट्यावरून पडलो, पोचा आला आणि माझी रवानगी थेट मागच्या दारी झाली. तिथे ढब्बू नावाचा कुत्रा होता. तेव्हापासून नऊ वर्षं मी ढब्बूच्या पाण्याचा वाडगा.

खरं सांगू का मित्रांनो, कणीक गेली खड्ड्यात! ढब्बू लपलप पाणी प्यायचा, अर्धं सांडायचा आणि शेवटी मला नाकाने ढकलत पायरीपर्यंत न्यायचा. इतकं प्रेम कुठल्या परातीच्या वाट्याला आलंय? आजोबा त्याला ओरडायचे, "अरे गाढवा, तो वाडगा आहे, गाडी नाही!" आजोबांचा धाकही तसाच होता. बागेतल्या एकाही झाडाला ढब्बू तोंड लावत नसे. आजोबांनी त्याला लहानपणीच तसं शिकवलं होतं, आणि आल्यागेल्याला ते हे कौतुकाने सांगत.

त्या बागेत कुंपणाला लागून कण्हेर होती. गुलाबी फुलांनी लगडलेली. ती विषारी असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आजोबांच्या नातीला, धाकटीला, कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला कशाला घाबरवायचं, असं सगळ्यांना वाटलं असणार.

ढब्बू घरी आला त्या दिवसाला नऊ वर्षं झाली, तेव्हा धाकटीने त्याचा वाढदिवस करायचं ठरवलं. शाळेत जाण्यापूर्वी तिने मला घासलं, काठोकाठ भरलं आणि कण्हेरीची फुलं देठापानांसकट माझ्यात सोडली. पानं हाताने तोडून तोडून टाकली. त्यांचा पांढरा चीक पाण्यात उतरताना मला दिसत होता. "ढब्ब्या, सगळं प्यायचं हं!" असं म्हणून ती पळाली.

मी काय करणार? मला ना हात, ना तोंड. मी कलंडलो असतो तरी पुरलं असतं, पण नेमका त्या दिवशी मी भिंतीला टेकवून नीट ठेवलेला होतो.

दुपारी ऊन तापलं आणि ढब्बू आला. तो झाडाला तोंड लावत नसे, पण हा तर त्याचाच वाडगा होता. त्याने फुलं बाजूला सारली आणि तो पोटभर पाणी प्यायला.

तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या. धाकटीची आई धावत आली. "अगंबाई, काय ही घाण!" म्हणत तिने अंगण धुतलं, घाईत नीट न बघताच फुलं कचऱ्यात टाकली, मलाही लख्ख घासून पालथं घातलं. बिचारीचा हेतू चांगलाच होता. शेजारच्या गल्लीतले जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा अंगण आरशासारखं स्वच्छ होतं.

"बागेतलं काही खाल्लं का त्याने?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे छे!" आजोबा म्हणाले. "झाडांना तो शिवत नाही. मी शिकवलंय त्याला."

डॉक्टरांनी उन्हाचा त्रास समजून इंजेक्शन दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? ढब्बूचे पाय थंड पडत गेले. चार वाजता तो गेला.

साडेचारला धाकटी आली. खूप रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, तो माझं फुलांचं पाणी प्यायला का हो? कण्हेरीचं?"

आईचा हात तोंडावर गेला. आजोबा मटकन पायरीवर बसले.

"प्यायला ना," आजोबा म्हणाले. "सगळं प्यायला."

"आवडलं त्याला?"

"खूप आवडलं, बाळा."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कण्हेर मुळासकट उपटली. त्याचा आता काय उपयोग?

मित्रांनो, कण्हेरीचं फूल, पान, देठ, आणि ती बुडवलेलं पाणीसुद्धा कुत्र्याचा जीव घेतं. घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही हे सांगा. कुत्रा आजारी पडला तर धुवायची घाई करू नका. जे असेल ते डॉक्टरांना दाखवा.

धाकटीला अजून कुणी खरं सांगितलेलं नाही. पण आता ती वाचायला शिकली आहे. आज ना उद्या हे कुठेतरी तिच्या वाचनात येईलच. त्या दिवसाची मला फार भीती वाटते.