मालकालाही पुसता येत नाही

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या सोफ्यावर रचता रचता तिची नजर टीव्हीकडे गेली, तेव्हा पडद्यावर एक बूट एका माणसाच्या जबड्यावर बसत होता. आधी तिला वाटलं, कसला तरी मारधाडीचा सिनेमा लागलाय. ती रिमोट शोधायला लागली. तेवढ्यात तो माणूस कुशीवर वळला, दुसरी लाथ बरगड्यांत बसली, आणि तिच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीतच राहिला. डावा जबडा, मग उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्या. या जखमा तिच्या ओळखीच्या होत्या. सकाळी तिनेच त्या धुऊन, पुसून पट्टीखाली झाकल्या होत्या. आता त्या होताना ती बघत होती.

ती दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि त्यांचं ऐकून शेजारीपाजारी आणि कोपऱ्यावरचा वाणीही सिस्टरच म्हणायचा. पडद्यावरचा माणूस सिनेमागृहाबाहेरचा पार्किंगवाला. आदल्या रात्री खेळ सुटल्यावर कोणीतरी त्याला मरेस्तोवर मारलं होतं, आणि तो अजून शुद्धीवर नव्हता. सकाळी हवालदार वॉर्डात येऊन हात हलवत परत गेले होते. बघायला शंभर माणसं होती म्हणे, पण त्या घटकेला प्रत्येकाच्या बुटाची नाडी नेमकी सुटलेली होती आणि जो तो ती बांधायला वाकला होता.

बूट पांढरे, त्यावर हिरवी पट्टी. ते तिने स्वतः आणले होते, सोन्याच्या वाढदिवसाला.

सोन्या म्हणजे तिचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, दारातून जाताना मान वाकवावी लागते, तरी घरात सोन्याच. फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होता आणि तो कोणीतरी फिदीफिदी हसत होता. सोन्या मात्र हसत नव्हता. तो वाकला, त्याने पार्किंगवाल्याची कॉलर धरून त्याला अर्धवट उठवलं आणि अगदी हळू आवाजात, अभ्यास घेतल्यासारखं विचारलं,

"एकदा सांगितलं होतं ना? मग परत का सांगायला लावतोस?"

आणि हातातलं हेल्मेट त्याच्या डोळ्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा.

तिला हादरा बसला तो हेल्मेटामुळे नाही. ते वाक्य या घरातलं होतं. तिच्या नवऱ्याचं होतं. तो कधी ओरडत नसे. तिचे केस मुठीत धरून, तिच्या कानाशी तोंड नेऊन तो हेच विचारायचा, इतक्याच हळू, आणि उत्तराची वाट न बघता मारायचा. शेजारच्या काकू म्हणत, किती शांत घर आहे हो तुमचं. आणि तिची सगळी मदार एवढ्यावर होती की त्या वेळी सोन्याच्या खोलीचं दार लावलेलं असतं आणि पोर झोपलेलं असतं.

आता हे टीव्हीवर आलं कसं, तर तीही नवऱ्याचीच करणी. तो क्लाउडचं काम करायचा. दवाखाने, शाळा, दुकानं, ज्यांचे ज्यांचे कागद आणि फोटो कॉम्प्युटरात असत, त्यांना तो ते सगळं कंपनीच्या दूरदूरच्या कोठारांत ठेवायला लावायचा. गावात त्याला ढगवाले म्हणत. घरातल्या तिघांचे फोन त्याने एकाच खात्याला जोडले होते. फोटो काढला, कोणी काही पाठवलं, की घरी पोचल्याबरोबर ते आपोआप वर जायचं, आणि टीव्ही रिकामा असला की नवं नवं काय आलंय ते पडद्यावर फिरत राहायचं. आपल्या घरात लपवाछपवी नाही, असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगे. खरं म्हणजे त्याला बायकोचा आणि पोराचा फोन हातात न घेता वाचता येत होता.

आणि गेल्या दोन वर्षांपासून त्यावर कुलूप होतं. दवाखान्यांचे कागद पळवून खंडणी मागणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला, तेव्हा कंपनीने ही नवी सोय काढली. आत गेलेली वस्तू पाच वर्षं चोराला पुसता येत नाही, कंपनीला येत नाही, मालकालाही येत नाही. "मालकालाही पुसता येत नाही," हे वाक्य तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवायचा की भाजी चिरताना तिच्या ओठांवर यायचं. घरच्या खात्याला त्याने ते सगळ्यात आधी लावलं. आधी केलं, मग सांगितलं, असं गिऱ्हाइकांना म्हणायचा. कारण निराळंच होतं. तिने बहिणीचा एक मेसेज वाचून पुसून टाकला होता. त्या दिवशी मार खाल्ल्यावर संध्याकाळी कुलूप लागलं.

लॅचची किल्ली फिरली. नवरा आत आला, पडद्याकडे बघून थबकला आणि बूट न काढताच सोफ्यावर घड्या केलेल्या कपड्यांवर बसला. व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. त्याने रिमोट उचलला. आवाज कमी करायला लागला. सोन्या वाकला, कॉलर धरली, ते वाक्य आलं, आणि नवऱ्याचा रिमोटवरचा अंगठा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर तिला लाज दिसली नाही. आपला जुना फोटो अचानक सापडावा, तसा तो क्षणभर बघत राहिला. तिला त्याची इतकी किळस आली की तिने तोंड फिरवलं.

मग त्याची पळापळ सुरू झाली. सोन्याला खोलीतून बाहेर बोलावून त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि दोस्ताने त्यावर पाठवलेला व्हिडिओ उडवला. टीव्ही भिंतीवरून सोडवला. लॅपटॉप उघडून कोठारात शिरला आणि पुसायचं बटण दाबलं. नाही झालं. पासवर्ड बदलला, खातंच बंद करून बघितलं. खातं बंद होत होतं, आतला माल जागचा हलत नव्हता. शेवटी त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि घरगुती काहीतरी चुकून वर गेलंय अशी थाप मारली. पलीकडची मुलगी मोठी गोड बोलत होती. फोन स्पीकरवर होता.

"सर, कुलूप तुम्हीच लावलंय. आता आम्हालाही काढता येणार नाही," ती म्हणाली. "तेच तर आपलं वैशिष्ट्य आहे ना, सर."

त्याने फोन ठेवला. मग तिला समजावून सांगायला लागला, गिऱ्हाइकाला सांगतो तसंच, बोटांवर मोजत. पुसता येत नाही, पण म्हणून काही बिघडत नाही. कोठार काही आपण होऊन बोलत नाही. पोलिसांनी लेखी मागितलं तरच कंपनी देते, आणि तिथे काय आहे हे माहीत असल्याशिवाय ते मागणार कुठून? माहीत आहे आपल्या तिघांनाच. सोन्या बोलणार नाही, त्याचे दोस्त स्वतःच्या गळ्यात फास घालून घेणार नाहीत.

"त्या पार्किंगवाल्याचा डोळा गेलाय," ती म्हणाली.

तो उठला. तिला वाटलं पाणी प्यायला चाललाय. त्याने मागून तिचे केस धरले आणि तिचं तोंड हॉलच्या टोकाला असलेल्या फ्रिजच्या दारावर आपटलं. ओठ फाटला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात हिरडीत हललेला तिला जाणवला. तिसऱ्या खेपेला ती खाली बसली, तर त्याने पोटात लाथ घातली, सावकाश, नेम धरून. सोन्या त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. या खेपेला दार उघडं होतं आणि लावून घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"एकदाच सांगतोय," नवरा तिच्या कानाशी म्हणाला.

आणि मग त्याची मान वर गेली. हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर, घराच्या सुरक्षेसाठी म्हणून त्याने लावलेला छोटा कॅमेरा होता. त्यातलं चित्रणही त्याच कोठारात जायचं. पूर्वी असं काही झालं की तो रात्री बसून तेवढा तुकडा काढून टाकायचा. कुलूप लावल्यापासून तो ते काढायचं साफ विसरला होता, की काढतच होता आणि निघतंय असं समजत होता, देव जाणे; दोन वर्षांचं सगळं तिथेच होतं. तो खुर्चीवर चढला, कॅमेऱ्याची वायर खेचून तोडली, आणि किल्ल्या घेऊन बाहेर निघून गेला.

ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी तोंड धूत होती. सोन्या मागे येऊन उभा राहिला. त्याने फ्रीझरमधून बर्फाचा ट्रे काढला, पण तो उलटा करून बर्फ पाडायचा कसा ते त्याला कळेना. ट्रे हातात धरून नुसता उभा राहिला.

"आई, तू सांगणार आहेस?"

तिने चूळ भरली. लाल पाणी गेलं.

"ते बाबांचं वाक्य तुला कुठून पाठ झालं?" तिने विचारलं. "तू तर झोपलेला असायचास."

"मी कधीच झोपलेलो नसायचो," सोन्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "उशी कानावर घ्यायचो. तरी ऐकू यायचं."

तिने वळून त्याच्या थोबाडीत मारली. ट्रे खाली पडला, बर्फ फरशीभर पसरला. आयुष्यात पहिल्यांदा तिने पोरावर हात उचलला होता, आणि मारल्यावर तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटली की तिने तो हात पाण्याच्या धारेखाली धरला आणि बराच वेळ तिथून काढला नाही. सोन्या खाली बसून बर्फाचे तुकडे एकेक करून उचलायला लागला. त्याचे खांदे हलत होते. तिने त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं होतं.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. पार्किंगवाला शुद्धीवर आला होता. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे बोलता येत नव्हतं. उशाशी त्याची म्हातारी आई बसलेली. डोळ्यावरची पट्टी जखमेला चिकटली होती. तिने ती सलाइनने भिजवून भिजवून सोडवायला घेतली, तरी शेवटचा पदर निघताना त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला आणि त्याने तिचा अ‍ॅप्रन मुठीत पकडला. म्हातारी म्हणाली, सोड रे, त्या तुझं भलंच करतायत. तिने त्याला धरू दिलं. त्याच्या मुठीतला अ‍ॅप्रन न सोडवता पट्टी पुरी केली.

हवालदार वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. तिला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सिस्टर, ओठाला काय झालं?"

याचं उत्तर तयारच असायचं. कपाटाचं दार लागलं. दवाखान्यात गमतीने म्हणत, सिस्टरांच्या घरात माणसांपेक्षा कपाटं जास्त. ती हसायचीही त्यावर. आज ती त्यांच्या शेजारी बसली. पार्किंगवाल्याला मारतानाचा व्हिडिओ कुठे आहे ते सांगितलं. कंपनीचं नाव सांगितलं, खातं नवऱ्याच्या नावाचं आहे ते सांगितलं.

"मारणारा कोण, ओळखता?"

"मुलगा माझाच आहे."

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिला पाणी हवं का विचारलं, तिने नको म्हटलं. मग ते कामाला लागले. कंपनीला आजच पत्र धाडायला हवं, म्हणाले, आणि पत्रात नेमकं लिहावं लागतं, कोणत्या दिवशीचं, किती वाजताचं. परवाची तारीख ना? त्यांनी पेन उघडलं.

तिने त्यांच्या पेनवर हात ठेवला.

"तारीख घालू नका," ती म्हणाली. "दोन वर्षांचं आहे. सगळं मागा."